विज्ञानाच्या तासाला विचाराची सवय
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या खेड्यातील चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. बी रुजण्याचा पाठ नुकताच पुरा झाला आहे. गुरुजींनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘बी रुजण्यास पाणी, हवा व योग्य उष्णता लागते.’ मुलांनी ते वहीत उतरून घेतले आहे आणि दोनतीनदा मोठ्याने म्हटलेही आहे. इतक्यात शाळा पाहावयास आलेले अधिकारी वर्गात येतात व विचारतात, “बी रुजायला काय काय लागते?” सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो. अधिकारी प्रसन्न होतात, आणि जाता जाता सहज विचारतात, “आणि सूर्यप्रकाश?” वर्ग घुटमळतो. काही मुले ‘लागतो’ म्हणतात, काही ‘लागत नाही’ म्हणतात, आणि बाकीची सारी गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागतात.

आता गंमत अशी की, त्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी मटकीला मोड काढले जातात. आई रात्री मटकी भिजवते, सकाळी ओल्या फडक्यात घट्ट बांधते आणि फडताळाच्या कोपऱ्यात, झाकणाखाली ठेवून देते. दुसऱ्या दिवशी त्या अंधारातल्या मटकीला बोटभर मोड आलेले मुलांनी कितीदा तरी पाहिलेले असतात, उसळ म्हणून आवडीने खाल्लेलेही असतात. म्हणजे प्रश्नाचे उत्तर देण्यास लागणारा पुरावा त्यांच्या घरातच होता. पुरावा होता, पण प्रश्न येताच त्या पुराव्याकडे वळण्याची सवय नव्हती. नजर स्वयंपाकघराकडे न वळता गुरुजींच्या तोंडाकडे वळली. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. विज्ञानाच्या तासाला मुलांची नजर पुराव्याकडे कशी वळवावी आणि त्यांच्या ठिकाणी विचार करण्याची, कार्यकारण पारखण्याची शक्ती कशी वाढवावी, हा तो विषय होय.

माहिती आणि विचार

विज्ञान शिकविणे म्हणजे विज्ञानातील माहिती सांगणे, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी रुजलेली आहे. माहिती आवश्यक आहे, याविषयी वाद नाही. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला विचार तरी कशाचा करता येणार? परंतु माहिती हे धान्य आहे आणि विचार हे जाते आहे. नुसते धान्य कणगीत भरून ठेवल्याने भाकरी होत नाही, तसेच रिकामे जाते फिरविल्यानेही पीठ पडत नाही. शाळेत धान्य भरण्याकडे जितके लक्ष दिले जाते, तितके जाते फिरविण्याकडे दिले जात नाही, एवढीच तक्रार आहे.

भारताच्या राज्यघटनेत १९७६ साली झालेल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट करण्यात आली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक व सुधारक बुद्धी यांचा विकास करणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. घटनेने नागरिकाकडून वैज्ञानिक माहितीची नव्हे, तर वैज्ञानिक दृष्टीची अपेक्षा केली आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही दृष्टी नागरिकाला मतदानाच्या वयात एकाएकी लाभत नाही. तिचे बी प्राथमिक शाळेतच पेरावे लागते.

मग ‘विचार’ म्हणजे नेमके काय? प्राथमिक शाळेपुरते पाहावयाचे तर पाच साध्या कृतींत तो सांगता येईल. पहिली, डोळसपणे पाहणे. दुसरी, दोन गोष्टींची तुलना करणे. तिसरी, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे व तो आधीच सांगून ठेवणे. चौथी, एका वेळी एकच गोष्ट बदलून अंदाज पडताळणे. आणि पाचवी, पुरावा जेवढे म्हणतो तेवढेच म्हणणे, त्याहून अधिक नाही. या पाचही कृतींना प्रयोगशाळा लागत नाही. सुतळी, दगड, वाट्या, फडके आणि गुरुजींचा थोडा धीर एवढ्या साहित्यावर त्यांचा अभ्यास होऊ शकतो.

सुतळी आणि दगड

एक पाठ उदाहरणादाखल घेऊ या. वर्गाच्या तुळईला किंवा खिडकीच्या गजाला सुतळीने एक दगड टांगावा आणि त्याला झोका द्यावा. गुरुजींनी प्रश्न एवढाच विचारावा, “हा झोका लवकर लवकर व्हावा यासाठी काय करावे लागेल?” मुले तीन उत्तरे हमखास देतात. दगड जड बांधावा, झोका जोराने किंवा दुरून सोडावा, आणि सुतळी आखूड करावी. तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत. कोणते बरोबर, कोणते चूक, हे गुरुजींनी चेहऱ्यावरही दिसू देऊ नये. प्रत्येक मुलाने आपला अंदाज व त्याचे कारण पाटीवर लिहावे आणि मग गटागटांनी पडताळा घ्यावा. दहा झोक्यांना किती सेकंद लागतात, हे भिंतीवरच्या किंवा मोबाइलमधल्या घड्याळावर मोजावे. दगड निघाल्या जागी परत आला म्हणजे एक झोका पुरा झाला, हे आधी ठरवून घ्यावे.

आता एक गट काय करतो, ते पाहण्यासारखे असते. तो दगड बदलून जड घेतो आणि त्याच वेळी सुतळीही आखूड करतो. झोका लवकर होतो, आणि गट आनंदाने सांगतो, “जड दगडाने झोका लवकर होतो.” येथे गुरुजींनी ‘चूक’ असे म्हणू नये. त्यांनी विचारावे, “लवकर झाला हे खरे, पण तो दगडामुळे झाला की सुतळीमुळे, हे कशावरून ओळखलेत?” गट गप्प होतो. ही गप्प राहण्याची दोन मिनिटे त्या तासातील सर्वांत मोलाची होत. थोड्या वेळाने एखादी मुलगी म्हणते, “सुतळी तीच ठेवून नुसता दगडच बदलून बघू या.” हे वाक्य ज्या क्षणी मुलाच्या तोंडून येते, त्या क्षणी त्याला विज्ञानाची किल्ली सापडलेली असते.

पडताळ्यात काय दिसते? सुतळी एक मीटर असेल तर दहा झोक्यांना सुमारे २० सेकंद लागतात. पाव मीटर, म्हणजे २५ सेंटिमीटर असेल तर सुमारे १० सेकंद लागतात. लांबी चौथाई केली तर वेळ चौथाई न होता निम्मा होतो, हेही मोठ्या मुलांच्या ध्यानात आणून देता येते. दगडाच्या वजनाने वेळ बदलत नाही, आणि झोका फार मोठा नसेल तर तो किती दुरून सोडला यानेही जाणवण्याइतका फरक पडत नाही. मात्र एक दक्षता घ्यावी. लांबी टांगलेल्या ठिकाणापासून दगडाच्या मध्यापर्यंत मोजावी. जड दगड आकारानेही मोठा असतो व त्याचा मध्य अधिक खाली जातो, त्यामुळे सुतळी तीच राहूनही लांबी नकळत वाढते. ही अडचण मुलांनीच शोधून काढली, तर तिच्यासारखा दुसरा पाठ नाही.

जिनीव्हा येथील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे व त्यांच्या सहकारी बेर्बेल इनहेल्डर यांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या वयांच्या मुलांपुढे ठेवला होता. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९५५ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाले. लहान मुले एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात, आणि ‘इतर सर्व तसेच ठेवून एकच बदलावे’ ही युक्ती साधारणपणे किशोरवयात पक्की होते, असे त्यांना दिसले. पुढील अभ्यासकांनी त्यांच्या वयोमर्यादांविषयी पुष्कळ शंका घेतल्या आहेत. योग्य प्रश्न व सराव मिळाला तर याहून लहान मुलांनाही ही युक्ती साधते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. शिक्षकाला यातून घेण्याजोगा बोध असा की, मूल दोन गोष्टी एकदम बदलते ते मंद आहे म्हणून नव्हे. ती विचाराची स्वाभाविक पायरी आहे, आणि पुढची पायरी चढावयास हात देणे हेच शिक्षकाचे काम आहे.

मटकीच्या चार वाट्या

आता मटकीकडे पुन्हा वळावे. चार वाट्या घ्याव्यात. पहिलीत ओल्या फडक्यावर मटकी उजेडात ठेवावी. दुसरीत तशीच ओली मटकी झाकून अंधारात ठेवावी. तिसरीत कोरड्या फडक्यावर कोरडी मटकी ठेवावी. चौथीत उकळून गार केलेल्या पाण्यात मटकी पूर्ण बुडवून वर थोडे तेल सोडावे, म्हणजे बाहेरील हवा पाण्यात शिरणार नाही. ठेवण्यापूर्वी प्रत्येक वाटीत काय होईल, याचा अंदाज प्रत्येक मुलाने लिहून द्यावा. दोन दिवसांनी पाहावे.

पहिल्या दोन्ही वाट्यांत मोड येतात, आणि मुलांचे घरचे ज्ञान शाळेच्या ज्ञानाला येऊन मिळते. तिसरी तशीच राहते. चौथीतील मटकी फुगते, पण नीट वाढत नाही. आता गुरुजींनी विचारावे, “यावरून आपल्याला काय म्हणता येईल?” एखादा उत्साही मुलगा म्हणेल, “कोणत्याच बियाला उजेड लागत नाही.” गुरुजींनी विचारावे, “आपण किती प्रकारच्या बिया पाहिल्या?” उत्तर येईल, “एक.” मग म्हणता येईल ते एवढेच की, मटकी अंधारातही रुजते. वस्तुस्थितीही तशीच आहे. बहुतेक पिकांच्या बियांना रुजण्यासाठी उजेड लागत नाही. तंबाखूसारख्या काही अगदी बारीक बियांना मात्र उजेडाने रुजण्यास साहाय्य होते. पुराव्यापेक्षा मोठे वाक्य बोलू नये, हा संयम मुलाला येथे शिकावयास मिळतो.

त्या वाट्या तशाच आणखी आठवडाभर ठेवाव्यात. अंधारातील रोपे उंच, लुकडी व पिवळी पडतात, उजेडातील हिरवी व धट्टीकट्टी होतात. मग नवा प्रश्न आपोआप उभा राहतो. रुजण्यास उजेड लागला नाही, मग वाढण्यास का लागतो? चांगल्या पाठाची खूण हीच की, तो संपताना मुलांच्या हाती एका उत्तराबरोबर एक नवा प्रश्नही असतो.

थोरांच्या चुका

विज्ञानाच्या इतिहासातील शोध मुलांना सांगितले जातात, परंतु चुका सांगितल्या जात नाहीत. वास्तविक विचार शिकण्यास त्या अधिक उपयोगी असतात. ब्रुसेल्सच्या परिसरात राहणाऱ्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट या संशोधकाने वनस्पती कशाने वाढते याचा शोध घेतला. त्याने भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती एका कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचे वाळुंजाच्या जातीचे एक रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनंतर झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले होते. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती सुमारे दोनच औंस कमी भरली. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा वृत्तांत आला आहे.

झाड माती खाऊन वाढते, ही समजूत या एका प्रयोगाने खोटी पाडली. परंतु व्हान हेल्माँटने त्यापुढे असे अनुमान काढले की, झाडाचे सारे अंग पाण्यापासूनच बनले आहे. हे अनुमान चुकीचे होते. झाडाला माती व पाणी यांखेरीज आणखी एक गोष्ट पाच वर्षे अखंड मिळत होती. ती म्हणजे हवा. तिच्याकडे त्याचे लक्षच गेले नाही. पुढे १७७० नंतरच्या दशकात प्रीस्टली व इंगेनहौझ यांच्या प्रयोगांनी हवेचा व उजेडाचा संबंध उजेडात आला. हा वृत्तांत सातवीच्या वर्गापुढे ठेवून शेवटच्या अनुमानापाशी थांबावे आणि विचारावे, “याने काय विसरले?” वर्गातील एखाद्याने ‘हवा’ असे उत्तर दिले, तर साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पंडिताची चूक आपण ओळखली, या आनंदाने त्या मुलाची छाती किती फुगेल! आणि त्याच वेळी आपणही असेच काही विसरत असू, ही नम्रताही त्याच्या मनात उतरेल.

ज्या ठिकाणी विचार प्राण वाचवितो

सुतळी व मटकी यांवर घटवलेली ही बुद्धी गावात कोठे उपयोगी पडते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर गंभीर आहे.

पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर एखाद्याला साप चावतो. गावात मंत्र घालणारा असतो, आणि रुग्णालय बारा-पंधरा किलोमीटरांवर असते. घरातील माणसे म्हणतात, “मागच्या वर्षी अमक्याला साप चावला होता, मंत्राने तो उठून बसला.” ही गोष्ट खोटी नसते. तो माणूस खरोखरच उठून बसलेला असतो, आणि म्हणूनच ती घातक ठरते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे मृत्यू पावल्याचा अंदाज देण्यात आला आहे. त्यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील आहेत.

येथे ‘मंत्र ही अंधश्रद्धा आहे’ एवढे वाक्य पाठ करून घेतल्याने काही साधत नाही. मूल परीक्षेत ते लिहील, आणि घरी वेळ आली की वडीलमाणसांच्या मागे जाईल. उलट मुलाला हिशेब करता आला पाहिजे. समजा, दहा जणांना साप चावला. महाराष्ट्रातील बहुतेक जातींचे साप बिनविषारी आहेत. माणसांच्या मृत्यूला प्रामुख्याने कारण होणाऱ्या जाती चारच आहेत : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. शिवाय विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. तेव्हा समजा, त्या दहांपैकी सात जणांच्या अंगात विष गेलेच नाही. हे सात जण मंत्र घातला तरी वाचणार, न घातला तरी वाचणार. मांत्रिकाकडे दहाही जण नेले, तर सात जण वाचून त्याचे गुण गातील. उरलेले तिघे दगावले, तर ‘उशीर झाला’, ‘नशीब खोटे’ असे म्हटले जाईल. वाचलेला माणूस गावभर गोष्ट सांगतो; दगावलेला काही सांगू शकत नाही.

म्हणून मुलाने विचारावयाचा प्रश्न ‘मंत्राने किती वाचले?’ एवढाच नाही. ‘मंत्र न घालता किती वाचले असते?’ हा त्याचा जोडीदार प्रश्न आहे. सुतळी तीच ठेवून दगड बदलण्याचीच ही युक्ती आहे. फरक इतकाच की, तेथे झोका मोजावयाचा होता आणि येथे माणूस आहे.

हा विषय वर्गात काढताना शिक्षकाने फार जपावे. त्या वर्गात मांत्रिकाचा नातूही बसलेला असेल. कोणाच्या आजोबांची टिंगल झाली, तर तो मुलगा ऐकणे सोडून देईल, आणि त्याच्याबरोबर त्याचे घरही. म्हणून आरंभ सापापासून करूच नये, सर्दीपासून करावा. “सर्दी झाली, काढा घेतला, आठ दिवसांत बरी झाली. काढ्याने बरी झाली की आपोआप?” हे कसे ओळखावे, याची चर्चा करावी. मुलेच म्हणतील, “काढा न घेतलेल्यांची सर्दी किती दिवसांत बरी झाली, ते बघावे लागेल.” मग एखाद्या दिवशी सापाचा विषय निघाला की, मुले तो दुवा स्वतः जोडतात. त्या वेळी मात्र शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगावे : दंश झालेला अवयव हलू देऊ नये, जखम कापू वा चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये, माणसाला धीर द्यावा आणि क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. विष भिनले असेल तर त्यावर प्रतिविष हाच उपाय आहे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे, हेही सांगावे. परंतु कायदा दारापर्यंतच येतो. घरात शिरावयाचे असेल तर मुलाची बुद्धीच शिरली पाहिजे.

याच संदर्भात कोकणातील एक उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. लाल विंचवाच्या दंशाने तेथे अनेक माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून घाम, गार पडलेले हातपाय, नाडीची गती, रक्तदाब या लक्षणांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी पडताळून पाहिला व त्याविषयीचे लेखन १९८६ साली त्याच नियतकालिकात आले. त्या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच उतरले. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसता, खेड्यापाड्यांतील रुग्णांकडे डोळसपणे पाहून, नोंदी ठेवून व तुलना करून हे साधले. वहीत नोंद ठेवणाऱ्या चौथीतील मुलाची वाट आणि ही वाट एकच आहे.

अनुभव काय सांगतो

अशा प्रकारचे शिक्षण खेड्यांतील शाळांत चालते काय? मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ व रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी तो हाती घेतला व पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो वाढविला. मुलांनी गटांनी प्रयोग करावेत, निष्कर्षांवर चर्चा करावी व परीक्षेला पुस्तक उघडून बसावे, अशी त्याची रीत होती. पुस्तक उघडे असल्यामुळे प्रश्न पाठांतराचा राहतच नसे. सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचलेला हा उपक्रम २००२ साली राज्य शासनाने बंद केला. तो बंद झाला हे खरे, परंतु साध्या खेड्यांतील साध्या शाळांत तीस वर्षे तो चालला, हेही तितकेच खरे.

लंडन येथे मायकेल शेयर व फिलिप ॲडी यांनी १९८० नंतरच्या दशकात ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी विज्ञानाच्या तासाला विचारशक्ती वाढविणारे ३० पाठ तयार केले. दोन वर्षांत ते घ्यावयाचे होते. पाठात आधी मुलांच्या अपेक्षेला धक्का देणारा अनुभव, मग गटचर्चा, आणि शेवटी ‘आपण हा विचार कसा केला’ यावर बोलणे, असा क्रम असे. हे पाठ घेतलेली मुले पुढील परीक्षांत विज्ञानाखेरीज गणितात व भाषेतही पुढे गेल्याचे त्यांनी दाखविले. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या स्वतंत्र चाचणीत याच धर्तीच्या पाठांनी विज्ञानातील गुणांत वाढ झाल्याचे दिसले नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. जो शिक्षक मुलांना पुरावा पारखावयास सांगतो, त्याने आपल्या आवडत्या पद्धतीचाही पुरावा पारखलाच पाहिजे. कोणत्याही पद्धतीचे नाव घेतल्याने विचार वाढत नाही. आपल्या वर्गातील मुले अधिक नेमके प्रश्न विचारू लागली काय, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतः पाहिले पाहिजे.

काही व्यावहारिक सूचना

पहिली सूचना अगदी बिनखर्चाची आहे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढविताच मुलांची उत्तरे लांब व सकारण होऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. गुरुजींनी मनात तीन आकडे मोजावेत, एवढेच ते काम आहे.

दुसरी सूचना, प्रयोगापूर्वी अंदाज लिहून घ्यावा. अंदाज न लिहिता केलेला प्रयोग हा तमाशाच्या फडातील करमणुकीसारखा असतो. लिहिलेला अंदाज चुकला म्हणजेच मूल विचार करू लागते.

तिसरी सूचना, उत्तर येताच ‘शाबास’ किंवा ‘चूक’ असे म्हणू नये. ‘कशावरून?’ असे विचारावे, आणि हा प्रश्न चुकीच्या उत्तराइतकाच बरोबर उत्तरालाही विचारावा. नाहीतर ‘कशावरून’ म्हटले की आपले चुकले, असे मुले समजू लागतात.

चौथी सूचना, जेथे दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्तांचा भार असतो, तेथे मोठी व लहान मुले एका गटात बसवावीत. लहान मुलाला समजावून सांगताना मोठ्या मुलाच्या विचारातील भोके त्यालाच दिसतात.

पाचवी सूचना, प्रत्येक चाचणीत निदान एक प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही. ‘दोन कुंड्यांतील एक रोप सुकले. एकीत पाणी कमी होते व ती सावलीतही होती. रोप कशाने सुकले, हे सांगता येईल काय? नसेल तर काय करावे लागेल?’ हा असा एक प्रश्न. जे तपासले जाते तेच शिकविले जाते, हा शाळेचा जुना नियम आहे.

अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा, अशी अडचण साहजिकच पुढे येते. प्रत्येक पाठ या रीतीने घेणे शक्य नाही, व त्याची आवश्यकताही नाही. महिन्याकाठी दोन पाठ जरी असे झाले, तरी वर्षाला वीस होतात. चार वर्षांत ऐंशी वेळा ज्या मुलाने अंदाज लिहिला, एकच गोष्ट बदलून पाहिली आणि पुराव्याइतकेच बोलण्याचा सराव केला, त्याची ती सवय सहजासहजी सुटत नाही.

दुसरी अडचण शिक्षकाच्या मनातली असते. मुलांनी असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर ठाऊक नाही, तर मान राहील काय? या भीतीने कित्येक चांगले शिक्षक प्रश्नांचे दार लावून घेतात. ‘हे ठाऊक नाही, पण कसे शोधता येईल ते पाहू’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होत नाही. मुलाला आयुष्यात सर्वांत अधिक उपयोगी पडणारे वाक्य त्याने त्या दिवशी गुरूच्या तोंडून ऐकलेले असते.

सारांश, विज्ञानाचा तास हा उत्तरांचा साठा करण्याचा तास नव्हे. तो प्रश्न नीट विचारण्याचा तास आहे. आज ज्या मुली-मुलांनी मटकीच्या चार वाट्या मांडल्या, त्यांतील एखादी उद्या घरातील कर्ती बाई होईल. पावसाळ्यातील एखाद्या अंधाऱ्या रात्री कोणाला साप चावला, आणि चार वडीलमाणसांच्या गलबल्यात तिने शांतपणे म्हटले, “मंत्र न घालता किती वाचले असते, ते आधी सांगा, तोवर गाडी काढा,” तर त्या रात्री वाचलेला जीव हेच त्या गुरुजींच्या तासाचे खरे प्रगतिपत्रक ठरेल.